दारातलं जुनं भोक: झाकायचं की बुजवायचं?

मी पुण्यातल्या एका अकरा मजली व्यावसायिक इमारतीची देखभाल बघतो. मागच्या वर्षी सातव्या मजल्यावरचं एक ऑफिस रिकामं झालं आणि जिन्याच्या लोखंडी दारावरची त्यांची कुलपं त्यांच्याबरोबर गेली. दारात दोन गोल भोकं राहिली, एक कमरेच्या थोडं वर आणि दुसरं त्याच्याही वीतभर वर. मी खालच्या भोकासमोर पेटलेली उदबत्ती धरली. एरवी सरळ वर जाणारा धूर वाकला आणि दोरा सुईत ओवावा तसा भोकातून पलीकडे गेला. पलीकडे जिना होता. आग लागली तर अकरा मजल्यांवरची माणसं याच जिन्याने उतरणार.

आमचे सुतारकाका शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "साहेब, पुट्टी मारून रंग लावतो, कळणारसुद्धा नाही." काकांचा हात चांगला आहे, खरोखरच कळलं नसतं. पण मला त्याचीच धास्ती वाटली.

ऑफिसच्या दारांत अशी भोकं पडत राहतात. भाडेकरू बदलतो, नव्याला कार्ड रीडर हवा असतो. हँडलचं कुलूप जाऊन मॉर्टिस लॉक, म्हणजे दाराच्या कडेत खाच घेऊन आत बसवलेलं कुलूप येतं, मॉर्टिस जाऊन पॅनिक बार, म्हणजे ढकलला की दार उघडणारा आडवा दांडा येतो. दार आपोआप बंद करणारा डोअर क्लोजर एका कंपनीचा जाऊन दुसऱ्या कंपनीचा येतो आणि त्याची भोकं दोन सेंटिमीटर बाजूला लागतात. चुंबकी कुलूप काढलं की त्याच्या लोखंडी पट्टीचं एक मोठं आणि दोन लहान भोकं राहतात. आठ-दहा वर्षांत दाराची चाळण होते. प्रत्येक वेळी कुणीतरी पत्र्याचा तुकडा ठोकतं, स्टिकर लावतं, नाहीतर तसंच सोडून देतं.

झाकणं आणि बुजवणं ही दोन वेगळी कामं आहेत. झाकणं म्हणजे वरून प्लेट लावून भोक नजरेआड करणं. बुजवणं म्हणजे भोकाची जागा अशी भरणं, की त्या जागी दार पुन्हा दारासारखं वागेल. कुठल्या दाराला काय लागतं हे ते दार कशासाठी आहे त्यावर ठरतं. कॉन्फरन्स रूमच्या दाराला झाकणं पुरतं. जिन्याच्या, लिफ्ट लॉबीच्या, इलेक्ट्रिकल रूमच्या दाराला पुरत नाही, कारण ती बहुतेक ठिकाणी आगीची दारं असतात. आग आणि धूर ठरावीक वेळ अडवून धरणं हे त्यांचं काम. ओळखायची सोपी खूण म्हणजे बिजागरीच्या कडेला किंवा चौकटीवर रिव्हेटने लावलेली छोटी धातूची पट्टी. तिच्यावर कंपनीचं नाव आणि दार किती मिनिटं टिकेल ते लिहिलेलं असतं. रंगवाल्यांनी ती पट्टी रंगवून टाकली असेल तर आधी ती साफ करून घ्या.

आता एवढ्याशा भोकाने काय होतं ते बघू. गोल नॉबच्या किंवा लिव्हर हँडलच्या कुलपाचं भोक साधारण ५४ मिमी व्यासाचं असतं. त्याचं क्षेत्रफळ २३ चौरस सेंटिमीटर भरतं. आगीचं लोखंडी दार आणि चौकट यांच्यातली फट ३ मिमीच्या आसपास ठेवतात आणि त्यासाठी बसवणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. ते एक भोक म्हणजे ३ मिमी रुंद आणि पाऊण मीटर लांब अशी फट. एवढी फट कुणी दाराच्या कडेला सोडली असती तर आपण काम परत करायला लावलं असतं.

शिवाय आग पेटलेल्या खोलीत हवा तापून फुगते, वर चढते आणि छताकडून दाब वाढवत खाली येते. खोलीत एक उंची अशी असते की तिच्या वर हवा बाहेर ढकलली जाते आणि खाली आत ओढली जाते. आगीच्या दारांसाठीच्या अमेरिकेतल्या यूएल १०सी या चाचणीत ही उंची दाराच्या तळापासून १०१६ मिमीवर धरतात, युरोपातल्या चाचणीत तर ५०० मिमीवरच. आपल्या दारांची हँडलं असतात मीटरभर उंचीवर, जादा कुलूप त्याच्याही वर आणि क्लोजर सगळ्यांत वर. म्हणजे जुन्या हार्डवेअरची बहुतेक भोकं नेमकी तिथेच पडलेली असतात, जिथून धूर जोराने बाहेर येणार. क्लोजरची लहान भोकं आकारामुळे दुर्लक्षित राहतात, पण सगळ्यांत जास्त दाब त्यांच्यावर असतो.

उंच इमारतींत याची दुसरीही बाजू आहे. आग लागली की जिन्यात पंख्यांनी हवा भरतात, म्हणजे धूर जिन्यात शिरत नाही. हा दाब ५० पास्कलच्या आसपास ठेवतात. मी एकदा ढोबळ हिशेब केला: ५० पास्कलला ५४ मिमीच्या एका भोकातून सेकंदाला १३ लिटर हवा निसटते. पाण्याचा वीस लिटरचा जार दीड सेकंदात रिकामा व्हावा, तसं. अकरा मजल्यांवर प्रत्येक दारात अशी दोन-दोन भोकं असतील तर पंख्याच्या मेहनतीचा मोठा वाटा या भोकांतूनच वाहून जाणार.

भोक कशाने भरायचं हा पुढचा प्रश्न, आणि सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात. आगीच्या दाराची चाचणी ज्या भट्टीत करतात तिचं तापमान ठरलेल्या आलेखाप्रमाणे चढवतात. ३० मिनिटांनी ते ८४२ अंश सेल्सिअस असतं, तासाने ९४५, दोन तासांनी १०४९. बाजारात मिळणाऱ्या वस्तू या आलेखाशेजारी ठेवून बघा. हँडलं आणि त्यांच्या गोल चकत्या पुष्कळदा जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. वरून स्टीलसारख्या चकचकीत दिसतात, पण हा मिश्रधातू ३८० ते ३९० अंशांना वितळतो. भट्टी तो आकडा दुसऱ्याच मिनिटाला ओलांडते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि तिथे भट्टी नवव्या मिनिटाच्या आत-बाहेर पोचते. धातूचा तुकडा तापायला थोडा जास्त वेळ घेईल हे खरं, पण दोन तासांच्या दारात त्या थोड्या वेळाने काही भागत नाही. पितळ बराच वेळ तग धरतं, तरी तासाभराच्या आसपास तेही जातं. उरतं स्टील. आगीच्या दारावर प्लेट, बोल्ट, रिव्हेट सगळं स्टीलचं हवं. दुकानात वस्तू हातात घेतल्यावर चुंबक लावून बघायची मला सवय आहे. काही प्रकारच्या स्टेनलेस स्टीलला चुंबक चिकटत नाही, तेव्हा ही परीक्षा पक्की नाही. पण लोखंडी म्हणून विकलेल्या चकतीला चुंबक चिकटला नाही, तर दुकानदाराला विचारायला जागा मिळते.

इपॉक्सी पुट्टी, लाकडाची पुट्टी, थर्मोकोल, साधा फोम, सिलिकॉन, कागदाचा बोळा हे सगळं मी दारांतून काढलेलं आहे. यातलं काहीही आगीसाठी चालत नाही. एखादं लवकर मऊ पडतं, एखादं जळतं, एखादं जळताना स्वतःच धूर सोडतं. आणि वरून रंग मारलेला असल्यामुळे पुढच्या माणसाला दार धड आहे असंच वाटतं. उघडं भोक निदान दिसतं तरी. काकांच्या पुट्टीची मला धास्ती वाटली ती यासाठी.

अमेरिकेत आगीच्या दारांसाठी एनएफपीए ८० नावाचं मानक आहे. हार्डवेअर काढल्यावर राहिलेल्या भोकांबद्दल त्याचं म्हणणं अगदी सरळ आहे. भोक पूर्ण भरेल असे स्टीलचे स्क्रू किंवा बोल्ट घाला, नाहीतर दार ज्या पदार्थाचं आहे त्याच पदार्थाने भरा, नाहीतर त्या कामासाठी चाचणी झालेला भराव वापरा. २००७ च्या आवृत्तीपासून या मानकाने दारांची दरवर्षी तपासणी सांगितली, आणि दारात किंवा चौकटीत उघडं भोक नाही ना, हे त्या तपासणीत बघावंच लागतं. आपल्याकडे राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ चा चौथा भाग आगीपासूनच्या सुरक्षेचा आहे आणि आगीच्या दारांसाठी आयएस ३६१४ हे मानक आहे. चाचणी सुट्या पत्र्याची होत नाही. शटर (म्हणजे दाराचा उघडणारा भाग), चौकट, बिजागऱ्या आणि कुलूप अशी पूर्ण जोडणी भट्टीसमोर उभी करतात. त्यामुळे आपण जागेवर ड्रिल चालवून जे काही करतो ते त्या चाचणीच्या बाहेरचं असतं. दार बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय हात लावू नये, हे मी सातव्या मजल्यावर शिकलो.

आम्ही त्या दाराच्या लेबलचा फोटो, दोन्ही भोकांची मापं आणि शटरची जाडी, ४६ मिमी, असं सगळं कंपनीला मेलने पाठवलं. मला वाटलं होतं दोन चकत्या आणि काहीतरी भराव येईल. उत्तराऐवजी फोन आला. पलीकडच्या माणसाने पहिलाच प्रश्न विचारला, "आता ते दार बंद कशाने राहतं?"

दार राहत होतं चुंबकाने. आधीच्या भाडेकरूने कार्ड रीडर बसवताना वर चुंबकी कुलूप लावलं होतं, ते मागे राहिलं होतं. आणि आगीचा अलार्म वाजला की चुंबकाची वीज जाते, जायलाच हवी, नाहीतर माणसं आत अडकतील. पण वीज गेल्यावर त्या दाराला धरून ठेवणारा उरतो फक्त क्लोजर. आगीच्या दाबाने दार हलकेच उघडं राहू शकतं. म्हणून आगीच्या दाराला लॅच, म्हणजे दार बंद होताच चौकटीत आपोआप अडकणारी जीभ, लागतेच. खालच्या भोकात ती लॅच होती आणि ती काढून नेलेली होती. त्या भोकाला प्लेट लावली असती, कितीही चांगली, तरी दाराचं जायबंदीपण आम्ही नीट झाकून ठेवलं असतं एवढंच. तिथे पुन्हा त्याच मापाचं, आगीसाठी चाचणी झालेलं लॅचचं कुलूप बसवायचं होतं. ऑफिसच्या बाजूने हँडल खाली केलं की किल्लीशिवाय, कार्डाशिवाय उघडणारं.

वरचं भोक मात्र बुजवायचंच होतं. तिथे कुणीतरी किल्लीचं जादा कुलूप लावलं होतं. बाहेर पडायच्या वाटेवरच्या दाराला असं कुलूप मुळात असायलाच नको. घाबरलेल्या माणसाला अंधारात दोन वेगवेगळ्या गोष्टी फिरवायला लावणं म्हणजे त्याची वाट अडवणंच.

तेव्हापासून मी कुठल्याही भोकासमोर उभा राहिलो की आधी विचारतो: इथे काय होतं, आणि त्याचं काम आता कोण करतंय? उत्तर मिळाल्याशिवाय माप घेत नाही.

वरचं भोक बुजवलं ते काम मी शेवटपर्यंत उभं राहून बघितलं, कारण एका कुलपाची दारात चार तोंडं असतात हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. दोन बाजूंच्या पत्र्यांतली दोन गोल भोकं सगळ्यांना दिसतात. तिसरं दाराच्या कडेला, जिथून कुलपाचा बोल्ट बाहेर येतो तिथे, २५ मिमीचं भोक आणि त्याच्याभोवती २८ बाय ५७ मिमीचा खळगा. चौथं चौकटीत, बोल्ट जिथे शिरतो तिथे. दर्शनी बाजू बुजवून कड उघडी ठेवली, तर आतला पोकळ भाग त्या कडेतून श्वास घेत राहतो.

फिटरने आधी टॉर्च मारून आत बघितलं. या दारात खनिज लोकर भरलेली होती आणि जुनं कुलूप बसवताना ती ओरबाडून काढली होती. काही दारांत आत मधमाशीच्या पोळ्यासारखा कागद असतो, म्हणूनच दाराच्या आत काय आहे ते कंपनीकडूनच कळायला हवं. त्याने कंपनीने पाठवलेली तशीच लोकर कापून घट्ट बसवली. मग दोन्ही बाजूंनी स्टीलच्या चकत्या, मधून आरपार स्टीलचे बोल्ट. चकतीच्या मागे, पत्र्यावर टेकते तिथे, आगीत फुगणाऱ्या सीलचा पातळ थर. हे सील साधारण २०० अंशांच्या आसपास फुगायला लागतं आणि बारीक फट स्वतः भरून काढतं. कडेच्या खळग्यात त्याच मापाची स्टीलची पट्टी, पत्र्याशी समपातळीत. चौकटीच्या भोकावरही तशीच पट्टी, काउंटरसंक म्हणजे डोकं पट्टीत बुडणाऱ्या स्क्रूने. स्क्रूचं डोकं वर राहिलं तर दार बंद होताना त्यावर घासतं आणि लॅच पूर्ण लागत नाही. शेवटी त्याने दार वीस-पंचवीस वेळा सोडून बघितलं, पूर्ण उघडून आणि जेमतेम हातभर उघडून. दोन्हीत लॅच लागल्याचा आवाज यायला हवा.

एक धोका मी दोनदा बघितला आहे. हँडल तुटतं, किल्लीचा सिलिंडर काढतात, पण कुलपाची पेटी दारातच ठेवून वरून दोन्ही बाजूंना प्लेटा मारतात. आतली लॅच तशीच असते. एखाद्या दिवशी दार जोरात आपटतं, लॅच पुढे सरकून चौकटीत अडकते, आणि आता ती मागे घ्यायला कुणाच्याही बाजूने काही नसतं. दार फोडावं लागतं. त्यामुळे कुलूप ठेवायचं तर हँडलसकट चालू ठेवा, काढायचं तर पेटीसकट काढा.

साध्या दारांना एवढा जाच नाही. कॉन्फरन्स रूम, केबिन, स्टोअर यांना डमी प्लेट चालते, ब्लँक प्लेट म्हटलं तरी हार्डवेअरवाल्याला कळतं. प्लेट भोकापेक्षा सगळीकडून किमान १०-१२ मिमी मोठी घ्या, नाहीतर स्क्रू भोकाच्या काठावर येतात आणि पातळ पत्रा फाटतो. कोपरे गोल करून घ्या. कमरेच्या उंचीवरचा टोकदार कोपरा रोज कुणाच्या तरी साडीला, दुपट्ट्याला, बॅगेच्या पट्ट्याला अडकतो. कडेचा भाग फार फाटला असेल तर दोन्ही बाजू आणि कड एकत्र धरणारी यू आकाराची स्टीलची पट्टी मिळते किंवा फॅब्रिकेटर वाकवून देतो. ती जाडी वाढवते, तेव्हा कडेची फट आधी मोजून घ्या. बाहेरच्या दाराला आरपार बोल्ट लावाल तेव्हा त्यांची फिरवायची डोकी आतल्या बाजूला ठेवा. बाहेरून स्क्रूड्रायव्हरने निघणारी प्लेट म्हणजे चोराला वाट दाखवणारी पाटी.

लाकडी दाराला सर्वांत उत्तम म्हणजे ठिगळ. भोकाभोवती चौकोनी खाच घेऊन त्याच लाकडाचा तुकडा, रेषा जुळवून, गोंद लावून बसवायचा आणि रंधा मारायचा. यात आमच्या सुतारकाकांना तोड नाही. काचेच्या दाराचं उलट आहे. टफन केलेल्या काचेला नंतर भोकही पाडता येत नाही आणि असलेलं बुजवताही येत नाही. दोन्ही बाजूंना स्टीलच्या चकत्या आणि मध्ये रबर किंवा नायलॉनचा वायसर लावायचा, म्हणजे धातू काचेला टेकत नाही. बोल्ट हाताने आवळायचा.

माप पाठवताना भोकाचा व्यास, दाराची जाडी, आणि दाराच्या कडेपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर द्या. शेवटचं माप लोक विसरतात. गोल भोकाच्या कुलपांत ते सहसा ६० किंवा ७० मिमी असतं. युरोपीय पद्धतीच्या मॉर्टिस कुलपात आणखी एक माप लागतं: हँडलच्या मध्यापासून किल्लीच्या भोकाच्या मध्यापर्यंत, सहसा ७२ किंवा ८५ मिमी. अमेरिकी पद्धतीच्या मॉर्टिसला दाराच्या कडेत ३२ बाय २०३ मिमीची उभी खाच असते. एवढी मोठी खाच आगीच्या दारात रिकामी राहिली असेल, तर जागेवर जुगाड करू नका. कंपनीने हात वर केले तर शटर बदलायचा खर्च धरून ठेवा.

केलेल्या कामाचे कागदही हवेत. महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाप्रमाणे परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, फॉर्म बी, म्हणजे आगीपासूनच्या संरक्षणाची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, घ्यावा लागतो. त्या तपासणीत पंप, हायड्रंट, स्प्रिंकलर यांच्याकडे लक्ष जातं आणि दारं मागे पडतात, असा माझा अनुभव. आम्ही आता दर दाराचा एक कागद ठेवतो: लेबलचा नंबर, काय काढलं, कशाने बुजवलं, कंपनीचं पत्र, आधीचा आणि नंतरचा फोटो. जुलैच्या तपासणीआधी मी आणि काका सगळे मजले चढतो, दाराच्या ऑफिसकडच्या बाजूला टॉर्च आणि जिन्याकडून डोळा.

आणि नवा भाडेकरू कुलूप बदलायचं म्हणाला, की मी त्याला जुन्या कुलपाच्या मापांची चिठ्ठी देतो. त्याच खाचेत, त्याच भोकात बसणारं, आगीसाठी चाचणी झालेलं कुलूप बाजारात बहुतेक वेळा मिळतं. कार्ड रीडरसुद्धा असा निवडता येतो, की जुनं भोक त्याच्या पट्टीखाली भरलं जाईल आणि लॅच शाबूत राहील. सातव्या मजल्यावरच्या नव्या ऑफिसने तसाच घेतला. दारात एकही नवं भोक पाडावं लागलं नाही.